व्हँकुव्हर नेमकं कुठल्या दिशेला?

पोपटकाका वाळुंज उभ्या आयुष्यात विमानात बसले नव्हते. पण विमानाबद्दल काही विचारायचं झालं की आमच्या बिल्डिंगमधली माणसं त्यांच्याकडेच जायची. जे जायचे नाहीत, त्यांच्याकडे काका स्वतः जायचे.

मी वैजापूरहून नोकरीसाठी डोंबिवलीला आलेलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतलेली. पहिल्या दिवशी डोक्यावर गादी घेऊन जिना चढत होतो, तर हा उंच, सडपातळ गृहस्थ मधेच उभा.

"कुठला तू?"

"वैजापूर."

"म्हणजे संभाजीनगरचा विमानतळ जवळ तुला. इथून हवेतून पावणेतीनशे किलोमीटर, पाऊण तास."

"काका, मी टेम्पोतून आलोय."

"ते दिसतंय रे. पण माणसाला माहीत असावं," असं म्हणून ते बाजूला झाले. गादीला हात लावायचं काही त्यांना सुचलं नाही.

ही आवड त्यांना कुठून लागली, ते नंतर कळलं. जुन्नरकडच्या ओतूरहून ते विशीत आले आणि वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले. काम काय, तर लाकडी खोक्यावर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगाचा ब्रश फिरवून गावाचं नाव उठवायचं. लागोस, बुसान, सांतोस, रॉटरडॅम. जन्मभर त्यांनी जगाचे पत्ते रंगवले आणि संध्याकाळी डबा घेऊन घरी आले. खोकी जहाजाने जायची, पण काकांचा जीव विमानात. आपलं खोकं जिथं गेलं तिथं आपण विमानाने निघालो तर किती वेळात पोचू, हे ते साहेब लोकांना, ड्रायव्हरना, दिसेल त्याला विचारत राहायचे. पुढे मुलीने मोबाइल घेऊन दिला आणि विचारायची गरज संपली.

रिटायर झाल्यावर गच्ची हेच त्यांचं ऑफिस. डोक्यावरून विमान गेलं की मान वर करून म्हणायचे, "दोह्याचं." मी एकदा मोबाइलवर बघितलं तर ते इंदूरचं निघालं. तसं सांगितल्यावर काका शांतपणे म्हणाले, "आज इंदूरचं असेल. दोह्याचं लेट झालं असणार."

बिल्डिंगमधलं कुणी परदेशी निघालं की निरोपाला काका हजर. आई पदराने डोळे पुसत असायची आणि काका सुरू व्हायचे, "दुबई ना? एकोणीसशे किलोमीटर. जेमतेम तीन तास. आपल्याला विमानतळावर पोचायला तेवढेच लागतात." मग सिंगापूर सांगायचे, मग लंडन. एवढं ऐकून आईचं रडू थांबायचं. धीर आल्यामुळे की कंटाळा आल्यामुळे, ते मी विचारलं नाही. पण थांबायचं हे खरं.

त्यांची स्वतःची लेक रसिका सात वर्षांपासून व्हँकुव्हरला. शिकायला गेली, नोकरीला लागली, तिथंच नगरच्या सूरजशी लग्न केलं. काका सगळ्यांना सांगायचे, "सव्वाबारा हजार किलोमीटर. मधला थांबा धरला तरी एका दिवसाचं काम. अरे, एक दिवस म्हणजे काय? लहानपणी आम्हाला कल्याणहून ओतूरला पोचायला दिवस जायचा." पण ते स्वतः काही निघायचे नाहीत. आधी रिटायर होऊ दे म्हणाले. मग गुडघा दुखायला लागला. मग काकूंचा पासपोर्ट आला आणि ह्यांचा फॉर्म भरायचाच राहिला. रसिका दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा जाताना "आता तुम्ही या" म्हणून गेली. दुसऱ्या वेळी तर तिनेच बसून ह्यांचा फॉर्म भरला आणि पासपोर्ट, व्हिसा सगळं करवून घेतलं.

या वर्षी रसिकाला दिवस गेले. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथंच पोहे खात बसलेलो. ती म्हणाली, "आई येतेच आहे. बाबा, तुमचंही तिकीट काढलंय. या वेळी नाही आलात तर मी परत बोलावणार नाही."

ती चिडून बोलली असती तर काकांनी चेष्टेवारी नेलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली. काका बराच वेळ चमच्याने पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला सारत राहिले.

तिकीट होतं शनिवारचं, हाँगकाँगमार्गे. विनिताकाकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "शनिवारी पूर्वेला दिशाशूळ आहे. निघता येणार नाही."

"अगं, कॅनडा पश्चिमेला आहे," काका म्हणाले.

"आणि हाँगकाँग?"

"ते मधलं स्टेशन. दिवा स्टेशनला गाडी थांबली म्हणजे आपण दिव्याला गेलो का?"

"थांबते कुठं ते मला सांगू नका. निघते कुठल्या बाजूला ते सांगा. धम्मा, तू सांग रे."

मी धम्मपाल. पंचांगाशी माझं घेणंदेणं नाही, पण पोहे त्यांचे खाल्लेले. आमच्या शाळेतला नकाशा आठवला. त्यात कॅनडा वर डाव्या कोपऱ्यात, जिथं कागद नेहमी फाटलेला असायचा. म्हणून म्हटलं, "काकू, नकाशात पश्चिम." आणि तिथंच गप्प बसायचं सोडून मोबाइलवर पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला. मुंबईहून व्हँकुव्हरची सगळ्यात जवळची रेघ सरळ वर उत्तरेला गेली, ध्रुवाजवळून पलीकडे उतरली.

"उत्तर?" काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा उजळला. "बघ! नकाशा म्हणतो पश्चिम, तिकीट म्हणतं पूर्व, हा गोल म्हणतो उत्तर. जिथं दिशेचाच पत्ता नाही तिथं शहाण्या माणसाने जावं का?"

"जावं," काकू म्हणाल्या. "प्रस्थान ठेवून जावं."

आता हे प्रस्थान मला नवीन. काकूंनी समजावलं. निघायचा दिवस चांगला नसेल तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या दिवशीच निघालो असं धरतात. ती वस्तू परत घरी आणायची नाही. प्रत्यक्ष निघताना वाटेत उचलायची आणि पुढं जायचं. मला ही सोय फार आवडली. आमच्या ऑफिसात दुसऱ्याकडून हजेरी लावून घेतात, तसंच थोडंफार.

"मग धम्माच्या खोलीत ठेवू," काका म्हणाले. "भिंतीला भिंत आहे."

"तो उत्तरेला राहतो. आणि त्याच्या खोलीत टॉवेल ठेवला तर सापडत नाही, प्रस्थान काय सापडणार? समोर पूर्वेला, ठमाबाईंकडे ठेवायचं."

ठमाबाई म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुमजली बंगल्यातल्या आजी. मूळच्या इथल्या आगरी. आमची बिल्डिंग उभी आहे ते त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं, असं त्या कधीमधी आठवण करून द्यायच्या. विशेषतः पार्किंगवरून भांडण झालं की. त्यांचा खरा मान मात्र वेगळाच. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवातले विधी त्या धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावून देतात. पार भिवंडीपासून उरणपर्यंत त्यांना बोलावणं असतं, आणि त्या गात असताना मधे बोलायची कुणाची छाती नसते.

शुक्रवारी सकाळी काकूंनी पिवळा रुमाल, तांदूळ, सुपारी, हळकुंड काढून दिलं. "मी बांधतो, तू बॅगेतल्या मिरच्यांचं बघ," म्हणून काका आतल्या खोलीत गेले आणि वहीएवढी पुरचुंडी घेऊन बाहेर आले. मी सोबत गेलो. ठमाबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या.

"कवरी मोठी रं पुरचुंडी! कॅनडा हितंच आनलास काय, पोपट?"

"नीट ठेवा, ठमाबाय. उद्या दुपारी निघताना घेतो."

"मी हाय ना. जिवापार सांभालीन. जा तू."

शनिवारी दुपारी महेंद्रची गाडी दारात आली. महेंद्र इथलाच, ठमाबाईंच्या भावकीतला. बॅगा चढल्या, लोणच्याची बरणी तीन वेळा काढून परत ठेवली, मी पोचवायला म्हणून पुढच्या सीटवर बसलो. रस्ता ओलांडून गाडी ठमाबाईंच्या फाटकासमोर थांबली. दाराला हे भलंमोठं कुलूप.

काकूंनी कपाळाला हात लावला, मग लगेच सावरल्या. "असू दे. सुपारीच आहे ना. इथूनच नमस्कार करू आणि निघू. देवाला कळतं."

काका कुलपाकडे बघत उभे राहिले.

"अहो, बसा ना."

"सुपारीच नाहीये," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, तूच म्हणालीस ना, आपली वस्तू ठेवायची. सुपारी काय माझी वस्तू आहे? कुणाचीही असते. पासपोर्टवर आपला फोटो आहे, नाव आहे. मी म्हटलं, करायचं तर व्यवस्थित करावं."

"दोघांचे?"

"तुझा काय मागं ठेवू?"

सात वर्षं जो माणूस प्रवासाला निघाला नाही, त्याने एकदाचं निघायचं ठरवलं तर इतकं मनापासून.  काकू गाडीत बसल्या आणि दार अशा आवाजात लावलं की महेंद्रला स्वतःच्या गाडीची काळजी वाटली.

महेंद्र डोकं खाजवत म्हणाला, "आजी सकालीच काल्हेरला गेलीय. भाचीच्या पोराचं लगीन हाय. मीच जानार होतो, तुमचं भाडं आलं म्हनून ऱ्हायलो. आता तुमीच मला नेताव."

"फोन लाव त्यांना!" काकू म्हणाल्या.

"मांडवान कोन फोन उचलतं, काकू? बेंजो चालू असंल."

तरी मी लावत राहिलो. गाडी मोठागावकडे वळली आणि माणकोलीचा पूल चढली. खाली खाडीचं पाणी चमकत होतं. वेळ हातात होता, पण फार नव्हता, विमान संध्याकाळचं. पुलाच्या मध्यावर काका मागून म्हणाले, "विनिता, मी काय म्हणतो. लक्षणं बरी दिसत नाहीत. बाळंतपणाला अजून अवकाश आहे. पुढच्या महिन्याचं तिकीट…"

"पासपोर्ट मिळाला की मी जाणार," काकू म्हणाल्या. "तुम्हाला यायचं तर या, नाहीतर महेंद्र परत जातोच आहे, त्याच्याबरोबर जा. गच्चीवर बसा. पोरगी काही परत बोलावणार नाही, तेवढं लक्षात ठेवा."

मी पुढे बघत राहिलो. असल्या वेळी आरशात बघायचं नसतं. महेंद्र मात्र बघत होता.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "तसं नाही गं. इथून कसं, सगळं आटोक्यात वाटतं. एक दिवस, एवढे किलोमीटर, झालं. तिथं जाऊन बसल्यावर खरं कळेल ना ती किती लांब गेलीय ते."

 मग काकू म्हणाल्या, "आणि तुम्हाला नाही कळलं तर ती काय अंबरनाथला येऊन राहणारे?" बोलणं तेच टोकाचं, पण आवाज खाली आलेला.

काल्हेरला पोचलो तर रस्त्यापासून मांडव. बेंजो थोडा वेळ थांबलेला, कारण आत धवला चाललेला. मधोमध पाटावर नवरदेव, अंगभर हळद, भोवती बायकांचं कडं, आणि त्यात ठमाबाई मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून गातायत. कमरेला पदरात खोचलेली काकांची पिवळी पुरचुंडी. कुठं कपाटात ठेवलेली नाही, पिशवीत नाही, त्यांच्या अंगावर.

"चला, घेऊन येतो," मी म्हटलं.

महेंद्रने माझी कॉलर धरली. "येडा झाला काय? धवला तोडायचा नसतो. नवऱ्याचं वाईट होतं. जल्ला माझा पन वाईट होईल, मी आनलंय तुमाला."

"किती वेळ चालतो?"

"आजीच्या मनान असंल तवर."

आम्ही कडेला उभे राहिलो. एका बाईंनी आम्हाला पाहुणे समजून तिघांच्याही गालांना हळद फासली. दुसऱ्या बाईंनी बुंदीचे लाडू आणि शेव हातात दिली. कुणीतरी विचारलं, नवऱ्याकडचे की नवरीकडचे? मी म्हटलं, "कॅनडाकडचे." त्यांनी मान डोलावली आणि खुर्च्या मागवल्या. काकू सारखं घड्याळ बघत होत्या. धवला संपायची काही चिन्हं नव्हती; एक कडवं झालं की ठमाबाई श्वास घेऊन दुसरं उचलत होत्या, कुळातली एकेक नावं घेत होत्या, आणि कुळ मोठं होतं.

मला वाटलं, झालं. काकांना हवं होतं ते आयतंच मिळालं. आता ते शांतपणे लाडू खातील, विमान जाईल, आणि ह्यात त्यांची काही चूकही नसेल. मी त्यांच्याकडे बघितलं. लाडू तसाच हातात. मांडवात नवरदेवाची आई लेकाच्या कपाळाला हळद लावता लावता रडत होती, आणि काका तिच्याकडे बघत होते.

मग त्यांनी लाडू माझ्या हातात दिला. चपला काढल्या. बायकांचं कडं होतं तिथं "जरा सरका, ताई" म्हणत आत शिरले आणि ठमाबाईंच्या समोर ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस मांडी घालून बसला. एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही हात फक्त पुढे केले, प्रसादाला करतात तसे.

"मेलो," महेंद्र म्हणाला.

ठमाबाईंनी डोळे उघडले. समोर पोपट. गाणं थांबलं नाही. त्या सुरातच एक हात कमरेकडे गेला, आणि त्याच चालीवर शब्द बदलले:

"पोपट निंगाला, पोपट निंगाला, लेकीचे घरा गो,
सुकाचा जावो, सुकाचा येवो, दर्याचे पारा गो…"

बायकांनी "लेकीचे घरा गो" उचलून धरलं. कुणाच्या लेकीचे, कुठल्या घरा, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. नवरदेव पाटावरून वळून वळून बघत होता, हा आपल्या कुळात पोपट कोण. ठमाबाईंनी पुरचुंडी काकांच्या ओंजळीत ठेवली, त्यांच्या कपाळाला हळदीचं बोट टेकवलं, काकूंना लांबूनच हाताने खूण करून जवळ बोलावलं, त्यांनाही लावलं, आणि पुढच्या कडव्यात परत आपल्या भाचीच्या सासरी जाऊन पोचल्या. धवला तुटला नाही.

कडवं संपता संपता त्यांनी काकूंच्या कानाशी तोंड नेलं. काकूंनी नंतर गाडीत सांगितलं, त्या काय म्हणाल्या ते. "घरान कुलपान ठेवलं असतं, त तुमची वाट पन कुलपान ऱ्हायली असती. म्हनून संगतीन आनलं."

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले.

"काय बरोबर आहे? घाम फुटला मला!" काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. इतका वेळ धरलेलं सगळं हसू एकदम आलं. महेंद्रने कशेळीचा पूल, ठाणे, हायवे असं काही गाडी काढली की काकांनी डोळे मिटून घेतले. विमान परवडलं, असं काहीतरी पुटपुटले.

विमानतळाच्या दारावरच्या जवानाने पासपोर्ट उघडला, त्यातला तांदळाचा दाणा काढून बाजूला ठेवला आणि काकांच्या पिवळ्याधमक चेहऱ्याकडे बघितलं. मग फोटोकडे. मग परत चेहऱ्याकडे.

"शादी से आ रहे हो, चाचा?"

"बेटी के घर जा रहा हूँ," काका म्हणाले.

जवानाने पासपोर्ट परत दिला. काकू ट्रॉली ढकलत पुढे, काका मागे. मला वाटलं वळून हात करतील, सवयीने दोन-चार किलोमीटर तरी सांगतील. पण ते काचेच्या दारातून आत गेले आणि काकूंच्या हातातली ट्रॉली घेऊन गर्दीत दिसेनासे झाले. महेंद्र मला म्हणाला, "चल, हळद चुकली, जेवन तरी गाठू." आम्ही काल्हेरला परत आलो आणि नवऱ्याकडचे म्हणून पंक्तीला बसलो.

रसिकाला मुलगी झाली. ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच, म्हणजे काका पुढच्या महिन्याच्या तिकिटावर बसले असते तर बारसंच गाठलं असतं. मी पेढे घेऊन ठमाबाईंकडे गेलो तर त्यांना महेंद्रकडून आधीच कळलेलं, आणि पेढे माझ्या आधी वाटून झालेले.

परवा काकूंचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा वैतागलेला.

"धम्मा, ह्यांनी परतीचं तिकीट पुढं ढकललं रे. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणे सहा महिने राहता येतं तर राहू. मला इथं कंटाळा आला. भाजीवाला नाही, भांडायला कुणी नाही. तू काहीतरी सांग त्यांना. सांग घरात पाणी गळतंय. सांग ठमाबाईंना बरं नाही."

"ठमाबाई मगाशीच रिक्षावाल्याला ओरडत होत्या, काकू. काका आहेत कुठं?"

"आहेत कुठं म्हणजे? सकाळपासून ह्या खुर्चीत. ती त्यांच्या मांडीवर झोपते, आणि उठले की ती जागी होते म्हणून हे उठत नाहीत. चहा हातात द्यायचा, पेपर हातात द्यायचा. आता पेपरही नको म्हणतात. पानांचा आवाज होतो."

त्यांनी मोबाइल फिरवला. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत काका, अंगात जावयाचा स्वेटर, आणि पंच्यात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी.

"काय काका, कसा झाला प्रवास?" मी मोठ्याने विचारलं. "हाँगकाँगहून किती वेळ लागला?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे रागाने बघितलं आणि मानेनेच काकूंना खूण केली, बंद कर ते.